रेषेला शिवलेला चेंडू

९ जानेवारी

मामा,

माझं सगळं बदललं तो क्षण मी तुम्हाला मिनिटासकट सांगू शकतो. मंगळवार, दुपारचे सव्वाचार. टेनिस क्लबातल्या तुमच्या जुन्या खोलीत, तुमच्याच गटिंगच्या, म्हणजे तारा ओवायच्या यंत्रापाशी बसलो होतो. एका वकिलाच्या रॅकेटची शेवटची उभी तार चिमट्यात धरली होती, तेवढ्यात खिडकीच्या फळीवर कोणीतरी तार तुटलेली रॅकेट ठेवली. मी वर पाहिलं. चिमटा सुटला, आणि वकिलाची रॅकेट मला पहिल्यापासून ओवावी लागली.

ती डाव्या हाताने खेळते, म्हणून क्लबात सगळे तिला डावरी म्हणतात. तुम्ही तिला लहानपणी पाहिलं असेल. मी घाईघाईने म्हटलं, "आज संध्याकाळी देतो." ती म्हणाली, "उद्या दे, पण नीट दे. त्या वकिलांचं काय झालं ते आत्ताच बघितलं मी." मग जाता जाता तिने विचारलं, "पंधरा, तीस आणि मग चाळीस. पंचेचाळीस का नाही रे?" मी म्हटलं, "तसा नियम आहे." तर म्हणते, "कॉलेज अर्ध्यात सोडून आलास म्हणे. तिथेही अशीच उत्तरं द्यायचास का?"

मामा, ती खेळ मनापासून खेळते आणि मी त्याच खेळाच्या दारात बसून ठोंब्यासारखा बघतो. हा खेळ कुठून आला, कोणी काढला, असं का मोजतात, ते सगळं मला लिहून कळवा. लवकर.

घरचं विचारत होतात. बाबा अजून माझ्याशी आईमार्फतच बोलतात. मी समोर बसलेलो असताना तिला म्हणतात, "त्याला सांग, पंखा बंद कर." कॉलेज का सोडलं हे त्यांना शंभरदा सांगून झालं. प्रयोगाचे आकडे माझे होते. रात्रंदिवस राबून काढलेले. सरांनी सगळ्या वर्गासमोर म्हटलं की ते चोरलेत. मी जर्नल खिडकीतून खाली फेकलं आणि मागोमाग जिन्याने मी उतरलो. मला खोटं सहन होत नाही, याला मी काय करू?

तुमचा,
भडकू

(हे नाव तुम्हीच ठेवलंत, आता मीच वापरतो.)


१७ जानेवारी

भडकू,

तुझं पत्र तुझ्या ताईने दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना ती हसत होती. तिला उठवणार होतो, पण मग लिहून कोण घेणार? चष्म्याचा नंबर वाढलाय माझा, म्हणून हल्ली अक्षर तिचं आणि बडबड माझी.

(मामांची बडबड, माझं अक्षर आणि माझंच हसू. – ताई)

मी फार शिकलेला नाही. जुने सेक्रेटरी संध्याकाळी बाकावर बसून सांगायचे, ते मनात राहिलं, तेवढं सांगतो. हा खेळ रॅकेटने सुरूच झाला नाही. आठ-नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये लोक तळहाताने चेंडू मारायचे. मठांच्या अंगणात, साधू लोकसुद्धा. चारी बाजूंनी ओसरी, वर उतरतं छप्पर. चेंडू त्या छपरावरून घरंगळायचा, भिंतीवर आपटायचा. चेंडू म्हणजे कातड्यात लोकर नाहीतर केस कोंबलेले. हात सुजायचे. मग कोणी हातमोजा घातला, कोणी लाकडी फळी घेतली, आणि पुढे कितीतरी पिढ्यांनी फळीला भोक पाडून त्यात तारा ओवल्या. म्हणजे तुझं यंत्र खेळाच्या मानाने कालचं पोर आहे.

मग राजेरजवाडे नादी लागले. त्यांनी खास दालनं बांधली. म्हणतात की राजाने चेंडू स्वतः हवेत टाकायचा म्हणजे कमीपणा, म्हणून पहिला चेंडू नोकर टाकायचा. त्यावरून सर्व्हिस. खरंखोटं ठाऊक नाही. पण टेनिस हे नाव कशावरून आलं ते बऱ्याच जणांना पटलंय. चेंडू मारण्याआधी खेळणारा समोरच्याला ओरडून सांगायचा, फ्रेंचमध्ये, "तने", म्हणजे "घ्या". म्हणजे सावध व्हा, येतोय. मला या खेळातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच. समोरच्याला न सांगता चेंडू मारायचा नाही.

तुझं पंधरा-तीस. कोणी सांगतं की घड्याळाच्या तबकडीवर काटा सरकवून मोजायचे, पाव, अर्धा, पाऊण, आणि पंचेचाळीसचं तोंडात झिजून झिजून चाळीस झालं. सेक्रेटरी मात्र म्हणायचे की तेव्हाच्या घड्याळांना मिनिटकाटाच नसायचा. तेव्हा पोरीला सांग, "नक्की कोणालाच माहीत नाही." हे उत्तर देता येणं हाही शहाणपणाच आहे. आणि शून्याला लव्ह म्हणतात त्यावर विनोद करू नकोस. सगळे करतात.

हिरवळीवरचं टेनिस अगदी अलीकडचं, दीडशे वर्षांचं. रबराचा, गवतावर उसळणारा चेंडू निघाला तेव्हा ते जमलं. इंग्लंडात एका निवृत्त मेजरने खोक्यात घालून खेळ विकायला काढला: जाळी, रॅकेटी, चेंडू आणि नियमांची चोपडी. त्याचं कोर्ट मध्ये बारीक होतं, डमरूसारखं. ते काही टिकलं नाही, पण खेळ टिकला. आणि जिथे ऊन गवत जाळायचं तिथे लोकांनी भाजलेल्या विटांची पूड पसरली. आपलं कोर्ट त्या घराण्यातलं.

आता ऐक, कारण हे पुस्तकात नाही. गवत चेंडूला विसरतं. माती विसरत नाही. चेंडू पडला की सही करून जातो. रेषेला केसभर जरी शिवला तरी तो आत. शंका असेल तरीही आत. आणि सामना संपला तरी हरलेला माणूस कोर्टाबाहेर पडेपर्यंत माती ओढायचं जाळं हातात घ्यायचं नाही. त्याला मागे वळून एखादा ठसा बघायचा असेल, तर तो तिथे असला पाहिजे. एकतीस वर्षं मी तसाच उभा राहिलो. कोणी विचारलं नाही तरी.

मामा


२ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र मी तिला हप्त्याहप्त्याने सांगितलं. एकदम सांगितलं असतं तर एकाच संध्याकाळी संपलं असतं. साधू एका दिवशी, राजे दुसऱ्या दिवशी. ती रोलरच्या दांड्यावर बसते आणि मी खिडकीतून बोलतो, हातात दाभण. डमरूसारख्या कोर्टाला ती इतकी हसली की माळीकाका पाइप तसाच सोडून बघायला आले आणि बाजूची रेषा भिजली. "हे खरं, की तू रचतोस?" म्हणाली. मी म्हटलं, "मामांनी लिहिलंय." "मग खरं," म्हणाली. तुमचं नाव घेतलं की इथे पुढे कोणी बोलत नाही.

तिच्या रॅकेटच्या तारा मी आता बावन्न पौंडांच्या ताणावर ओढतो. पन्नासवर ती म्हणते चेंडू झोपतो, चोपन्नवर म्हणते हात दुखतो. बावन्नवर काहीच म्हणत नाही. काहीच न म्हणणं ही किती मोठी शाबासकी असते ते मला आता कळलंय.

एक बातमी आहे. अठरा तारखेला निवडीचा सामना आहे. जी जिंकेल तिला दूरच्या प्रशिक्षण केंद्रात पाठवणार, राहणं-जेवण-शिकणं सगळं तिथेच, दोन वर्षं. शेवटच्या दोघी उरल्यात. एक डावरी. दुसरी शिंपीणबाईंची मुलगी, जिच्या आईने आपल्या जाळीची पांढरी पट्टी शिवली. तिला सगळे भिंत म्हणतात. सकाळी सहाच्या आधी, सभासद यायच्या आत, ती मागच्या भिंतीवर एकटी खेळते आणि आता स्वतःच भिंत झालीये. काहीही मारा, परत येतं. तिच्या रॅकेटला दोन रंगांच्या तारा आहेत, कारण मी कापून टाकलेले तुकडे ती मागून नेते.

डावरी परवा म्हणाली, "जिंकले तर दोन वर्षं माझं तोंड दिसायचं नाही तुला. मग सांग साधूंच्या गोष्टी माळीकाकांना." आणि हसली. मी हसलो नाही. मी अजून तिला काही बोललेलो नाही. बोलेन. ती जिंकावी असंच मला वाटतं. वाटायलाच हवं ना?

आत्ताच्या सेक्रेटरींनी मला मागच्या रेषेवर पंच म्हणून उभं राहायला सांगितलंय. म्हणाले, "मामांचा भाचा आहेस, आणखी काय बघायचं?"

भडकू


९ फेब्रुवारी

भडकू,

पत्र मिळाल्या मिळाल्या लिहवून घेतोय. त्या रेषेवर उभा राहू नकोस. माळ्याला उभं कर. त्याची नजर चांगली आहे आणि त्याला दोघी सारख्याच, दोघीही त्याचं गवत तुडवतात.

तू खोटा आहेस असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या निकालात आपला जीव अडकलाय, त्या सामन्याच्या रेषेवर माणसाने उभं राहू नये. चेंडू कितीही वेगाने येवो, मन त्याच्या आधी पोचलेलं असतं. तुझ्याही नकळत तुझा हात तिच्या बाजूने झुकेल. शिंपीणबाईंच्या पोरीचा त्यात काय गुन्हा?

सेक्रेटरींना सांग, मामांनी नको म्हटलंय. कारण विचारलं तर सांग, मामा म्हातारे झालेत.

आणि तिच्याशी काय बोलायचं ते सामन्याआधी बोल. गिळून ठेवलेलं पोटात राहत नाही.

मामा

(अरे, बोल तरी एकदा. आमचा जीव टांगलाय इथे. – ताई)


२० फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र सामना झाल्यावर हातात पडलं. तोवर मी उभा राहून गेलो होतो.

डावरी हरली. शेवटच्या सेटमध्ये, सामना जिंकायला एकच गुण हवा असताना तिने भिंतीच्या डोक्यावरून उंच चेंडू मारला. तो बाहेर पडला. मी तसा हात केला. नंतर तिचा खेळ गेला.

भिंत एक तारखेला जाणार आहे.

सेक्रेटरी तुम्हाला लिहिणार आहेत. बाकी ठीक.

भडकू


२७ फेब्रुवारी

भडकू,

सेक्रेटरींचं पत्र आलं. ताईने वाचलं आणि मी तिला म्हटलं, पुन्हा वाच. ते लिहितात, "मुलाचा जीव त्या मुलीवर आहे हे आम्हा सगळ्यांना दिसतं, लपवायला त्याला येतच नाही. तरी सामन्याच्या गुणावर त्याने तिच्या विरुद्ध हात केला, आणि डोळ्याची पापणी हलू दिली नाही. तुमची जागा कोणी घेईल असं वाटलं नव्हतं." तुला कायम केल्याचंही कळलं.

मी तुझ्यावर शंका घेतली. हात तिच्या बाजूने झुकेल म्हणालो. म्हाताऱ्याला माफ कर. तुझ्या बाबांनाही मी लिहिलंय. ज्याला चोर म्हणून कॉलेजातून जावं लागलं, त्याने काय केलं ते बघा, असं लिहिलंय.

आज तुला एक सांगतो. मी गुडघ्यामुळे काम सोडलं असं सगळ्यांना ठाऊक आहे. गुडघा धड आहे. एका सामन्यात चेंडू रेषेपाशी पडला आणि मला तो दिसलाच नाही. ऐकू आला. आवाजावरून मी आत म्हटलं. ठसा बघितला, तो खरंच आत होता. कोणाला काही कळलं नाही. पण मला कळलं. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. आता तर ताईचं तोंडही मला आवाजावरूनच ओळखावं लागतं. हे तिच्याच हाताने लिहवून घेतोय, ती रडतेय, पण अक्षर चांगलं काढतेय.

तू उभा होतास म्हणजे मीच उभा होतो असं मला वाटलं. डोळे तेवढे तुझे.

एकच विचारतो, राग मानू नकोस. सेक्रेटरी सहज लिहून गेलेत की टाळ्या चालू असतानाच तू जाळं ओढायला घेतलंस, डावरी अजून कोर्टावर उभी होती. तुला हरलेली ती बघवली नसेल. तसंच असेल. पण घाई करायला नको होतीस.

मामा


२० मार्च

भडकू,

तीन आठवडे झाले. तुझं अक्षर नाही. आईला विचारलं, ती म्हणते तू जेवतोस आणि गप्प असतोस, आणि बाबा तुझ्याशी सरळ बोलायला लागले तर तू ताटावरून उठून गेलास.

कोर्टावर काही झालंय का? मला दिसत नाही म्हणजे कळत नाही असं नाही.

मामा

(त्यांनी परवा जुनी शिट्टी शोधून काढली आणि उशीखाली ठेवली. लिही रे बाबा. – ताई)


२५ मार्च

मामा,

ताई, हे तू मोठ्याने वाचशील. वाच. काही गाळू नकोस.

पहिल्या पत्रात मी तुम्हाला चुकीचा क्षण सांगितला. माझं सगळं बदललं ते मंगळवारी सव्वाचार वाजता नाही. बदललं ते अठरा फेब्रुवारीला, पाच वाजून गेल्यावर, शेवटच्या सेटमध्ये पाच-चार असताना. डावरीची सर्व्हिस होती, तिला एक गुण हवा होता. भिंत जाळीजवळ आली होती. डावरीने चेंडू तिच्या डोक्यावरून उचलला. भिंत मागे पळाली, पण तोंड माझ्याकडे वळेपर्यंत चेंडू पडून गेला होता. सेक्रेटरी उंच खुर्चीवर, लांब. तो चेंडू पडताना पाहणारा जगात मी एकटा होतो.

तो आत होता. अर्धा ठसा रेषेच्या, खिळ्यांनी ठोकलेल्या पांढऱ्या पट्टीवर आणि अर्धा मातीवर. शंका नव्हती. मला असं वाटलं की ती आगगाडीच्या दारात उभी आहे आणि गाडी हललीये. मी हात बाहेर केला.

ती जिंकली असती तर गेली असती. एवढंच. तुम्ही म्हणालात माझा हात तिच्या बाजूने झुकेल. मामा, तो माझ्या बाजूने झुकला.

भिंतीने विचारलं नाही, तिला काय, गुण मिळाला. डावरीने माझ्याकडे पाहिलं. तिने ठसा बघायला मागितला असता तर सगळं तिथेच संपलं असतं, पट्टीवर लाल माती चिकटली होती. पण तिने एकदा मान हलवली, म्हणजे "तू म्हणतोस म्हणजे बाहेर", आणि परत फिरली. मी पाऊल मागे घेताना ठशावर ठेवलं. तेही चुकून नाही. आणि सामना संपल्यावर जाळं ओढलं, ती उभी असताना, कारण पट्टीवरचा डाग मला अजून दिसत होता.

तुमचं ते पत्र मला सामन्याच्या दोन दिवस आधी मिळालं होतं. खिशात होतं. घडीची रेघ शर्टावरून हाताला लागत होती.

मला वाटलं होतं ती थांबेल, रोज येईल, मी काहीतरी बोलेन. ती थांबली. पण येत नाही. तीन आठवड्यांनी रॅकेट ठेवून द्यायला म्हणून आली, म्हणाली, "तारा काढून ठेव, नाहीतर लाकूड वाकतं ना?" लाकडाच्या रॅकेटी आता कोण वापरतं, पण मी हो म्हटलं. म्हणाली, "तो चेंडू मला आत वाटला होता. इतका आत की मी हात वर करणार होते. तू उभा होतास म्हणून कळलं. जिला आपला चेंडू कुठे पडला हेच कळत नाही, तिने खेळू नये." आणि माझे आभार मानले, मामा. म्हणाली, "दुसरा कोणी असता तर माझ्यावर मेहेरबानी केली असती."

प्रयोगाचे आकडे चोरलेस म्हटल्यावर मी जर्नल फेकून बाहेर पडलो होतो. त्या सरांनी मला फक्त खोटा म्हटलं. मी तिचा तिच्याच डोळ्यांवरचा विश्वास उठवला.

सांगू तर भिंतीचं काय होईल? ती तिथे सुखात आहे, तिच्या आईने मला तिचं पत्र वाचून दाखवलं. न सांगू तर हिचं काय होईल? मला कळत नाही.

भडकू


३० मार्च

भडकू

हे मी माझ्या हाताने लिहितोय. ताईला बाहेर पाठवलंय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, लावून घे.

मला दिसलं नाही म्हणून मी सोडलं. तुला दिसलं.

भिंतीचं काय होईल ते ठरवायचा अधिकार तुला नाही. अठरा तारखेला तूच ठरवलंस, आता पुन्हा ठरवू नकोस. तू फक्त चेंडू कुठे पडला ते सांगायचं. तेवढंच काम होतं, अजूनही तेवढंच आहे.

आधी सेक्रेटरी. मग ती. तिच्याकडे माफी मागू नकोस. माफी मागणं म्हणजे पुन्हा स्वतःसाठी काहीतरी मागणं.

तोवर माझ्या दाराशी येऊ नकोस. नंतर ये.

मामा


५ एप्रिल

मामा,

तुमच्या ओळी लागल्या. फक्त एक शब्द लागला नाही, तो मी "नंतर" असा वाचला. चुकलो असेन तर सांगू नका.

परवा सेक्रेटरींना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "पंचाने दिलेला निर्णय सामना संपल्यावर फिरत नाही. दोघींनी हात मिळवले, तिथे सामना मिटला. भिंतीची जागा भिंतीचीच." मला सुटल्यासारखं वाटलं आणि वाटल्याची लाज वाटली. मग ते उठून खोलीचं दार लावून आले. "हे तुझ्यामाझ्यात राहू दे," म्हणाले. "क्लबचं नाव आहे, तुझ्या मामांचं नाव आहे. त्या मुलीला आता सांगून काय मिळणार? कायम झालायस, काम शीक, विसरून जा." प्रेमाने बोलत होते. पूर्वी असतो तर टेबलावरचं काहीतरी फेकलं असतं. मी म्हटलं, "माती विसरत नाही, साहेब." त्यांना ते वाक्य ओळखीचं वाटलं असावं. उठून त्यांनी दार पुन्हा उघडून दिलं.

काल डावरीच्या घरी गेलो. तिच्या वडिलांनी दार उघडलं, ती जिन्यावर बसून बूट पुसत होती, खेळाचे नव्हे, रस्त्यावरचे. मी म्हटलं, "कोर्टावर चल, एक दाखवायचंय." "नवीन गोष्ट?" म्हणाली. "नाही, जुनीच."

कोर्ट रिकामं होतं. मी त्या मागच्या रेषेपाशी गेलो, गुडघ्यावर बसलो आणि पट्टीवर बोट ठेवलं. कोपऱ्यापासून सातव्या खिळ्यापाशी. म्हटलं, "तो इथे पडला होता. अर्धा पट्टीवर, म्हणजे आत. मी पाहिला होता. तू जावीस असं मला वाटत नव्हतं."

मामा, तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती वाकली आणि माझं बोट बाजूला करून त्या जागी स्वतःचं ठेवलं. बराच वेळ. मग जाळीपलीकडे गेली, जिथून तिने चेंडू उचलला होता तिथे उभी राहिली आणि हातात रॅकेट नसताना तो फटका पुन्हा मारला. डावा हात वर गेला. नजर हवेतून सरकत आली आणि बरोबर सातव्या खिळ्याशी थांबली.

"मला दिसलं होतं," ती म्हणाली. माझ्याशी नाही.

मी माफी मागितली नाही. तुम्ही सांगितलं नसतं तर मागितली असती, आणि तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. निघताना ती थांबली. "ती साधूंची गोष्ट. मारण्याआधी ओरडायचे ती. खरी होती का?"

"मामा म्हणतात बऱ्याच जणांना पटलंय."

"तू एकदाच सांगायचं होतंस, जाऊ नको म्हणून. मी गेलेच असते. पण सांगायचं होतंस." मग म्हणाली, "सकाळी मागची भिंत आता रिकामी असते ना? माझी रॅकेट ओढून फळीवर ठेव. बावन्न. मी सहाला येईन. तू असू नकोस."

आज साडेचारला उठून आलो. तिची रॅकेट ओढली. घाई केली नाही, एकेक तार बोटाने वाजवून बघितली. राजीनामा सेक्रेटरींच्या टेबलावर आहे, त्यात कारण लिहिलंय, सूचनाफलकावर लावायला हरकत नाही असंही लिहिलंय. तुमचं दाभण खोलीचं आहे की तुमचं, हे मला ठाऊक नव्हतं. खिशात घेतलंय, तुमच्या हातात देईन. बाबांना सांगून निघालो. ते सरळ माझ्याशी बोलले, "गाडी किती वाजताची?" एवढंच, पण माझ्याशी.

हे पत्र ज्या गाडीने निघेल त्याच गाडीत मीही असेन, म्हणजे बहुतेक ते माझ्यामागून येईल. ताईला म्हणावं, तरी वाचून दाखव.

सहाला पाच कमी आहेत. फाटकाची कडी वाजली. आता मागच्या बाजूने आवाज येतोय, एक, मग थांबून दुसरा, मग थांबणं कमी होत जातंय. रॅकेट तर इथे फळीवर आहे. हाताने मारतेय बहुधा, तळहाताने. रॅकेट घ्यायला ती या खिडकीशी येईल, तेव्हा मी इथे दिसता कामा नये. उठतो, पुढच्या बाजूने बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.

भडकू